पुण्यात राहूनही जोडीदाराची फाईल लावता येते

"आधी त्याने अमेरिकेत जाऊन वर्षभर राहायला हवं, तिथला पगार दाखवायला हवा, मगच बायकोची फाईल लावता येते." गेल्या काही वर्षांत हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ऐकताक्षणी राग येतो. सांगणारे असतात कुणाचे तरी मामा, सोसायटीतले काका, नाहीतर व्हिसाची कामं करून देणारा एखादा एजंट. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने त्यावर विश्वास ठेवला. बाळ सात महिन्यांचं होतं. नवरा नोकरी सोडून न्यू जर्सीला मित्राकडे जाऊन राहिला, बायको बाळाला घेऊन माहेरी आली. तो कोथरूडमध्येच राहिला असता तरी फाईल त्याच दिवशी लागली असती.

हा प्रश्न आता पुण्या-मुंबईत बऱ्याच घरांत येतो. आई-वडील एच-वन-बीवर अमेरिकेत असताना जन्मलेली आणि नंतर त्यांच्याबरोबर परत येऊन इथेच वाढलेली मुलं आता लग्नाच्या वयाची झाली आहेत. जन्माने ती अमेरिकेची नागरिक आहेत. जोडीदार मात्र भारतीय. संसार दोन-चार वर्षं इथे झाला की तिकडे जायचा विचार सुरू होतो आणि पहिला सल्ला हाच मिळतो.

वस्तुस्थिती अशी. नवरा किंवा बायकोसाठी नागरिकाने जो पहिला अर्ज करायचा, तो म्हणजे आय-१३०. या अर्जात दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात: आपण नागरिक आहोत आणि आपलं लग्न खरं आहे. अर्जदार कुठे राहतो ही त्यात अटच नाही. भारतातला पत्ता चालतो. अर्ज ऑनलाइनही भरता येतो.

मग राहण्याची अट आली कुठून? ती पुढच्या टप्प्यावर आहे. आय-१३० मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि तिथे आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावं लागतं. ही हमी देणाऱ्याचं 'डोमिसाइल' अमेरिकेत असावं, असा नियम आहे. माझ्या मते खरा घोळ या शब्दात आहे. महाराष्ट्रात डोमिसाइल म्हटलं की आपल्याला सेतू केंद्रातून काढायचा दाखला आठवतो. राज्यात १५ वर्षं राहिल्याचे पुरावे जोडा, मग दाखला मिळवा. त्यामुळे अमेरिकेचं डोमिसाइल म्हणजे तिथे इतकी वर्षं काढलेली असणं, असा अर्थ आपण आपोआप लावतो. अमेरिकी नियमात हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो: जिथे आपलं घर आहे आणि जिथे पुढेही राहण्याचा इरादा आहे, ती जागा. किती वर्षं काढली, हा प्रश्नच नाही.

शंका असेल तर आय-८६४ सोबतच्या अधिकृत सूचना उघडा. परदेशात राहणाऱ्या नागरिकासाठी त्यात स्पष्ट तरतूद आहे. जोडीदार स्थलांतरित म्हणून अमेरिकेत प्रवेश करेल त्या दिवसापर्यंत आपण तिथे बिऱ्हाड करणार आहोत, हे प्रामाणिकपणे दाखवता आलं की अट पूर्ण होते. त्या दिवसापर्यंत, म्हणजे त्याच विमानाने, एकत्र गेलं तरी चालतं. वर्षभर आधी एकट्याने जाण्याची गरज नाही.

पण 'जाणार आहोत' हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही, आणि याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. कागद लागतात. अमेरिकेतल्या बँकेत उघडलेलं खातं, तिकडे वळवलेले पैसे, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि त्यांना आलेली उत्तरं, मुलांच्या शाळाप्रवेशाचा पत्रव्यवहार, जिथे उतरणार त्या नातेवाइकाचं पत्र, सोशल सिक्युरिटी नंबर. इथली बाजूही दिसावी: भाड्याचं घर कधी सोडणार, इथल्या नोकरीचं काय करणार. मुंबईत मुलाखत घेणारा अधिकारी हे एकत्र पाहून ठरवतो. एका कागदावर सगळी मदार ठेवू नका.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच पसरला आहे: "डॅलसचे काका सही करतील, मग आपल्याला काही बघायला नको." काका सही करू शकतात. त्यांना जॉइंट स्पॉन्सर म्हणतात आणि ते नातेवाईक असलेच पाहिजेत असंही नाही. त्यांनी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं आणि त्यांचं उत्पन्न पुरेसं असावं. पण त्यांची सही फक्त उत्पन्नातली उणीव भरून काढते. पती किंवा पत्नीला स्वतःचं आय-८६४ द्यावंच लागतं आणि डोमिसाइलही स्वतःचंच दाखवावं लागतं.

उत्पन्नाची मर्यादा सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. २०२५च्या आकड्यांनुसार दोन माणसांच्या कुटुंबाला, अलास्का आणि हवाई वगळता, वर्षाला २६,४३७ डॉलर. हिंजवडीचा पगार कितीही मोठा असला तरी तिकडे गेल्यावर त्याच ठिकाणाहून तो चालू राहणार नसेल, तर सहसा धरला जात नाही. मात्र वर्षभरात रोख करता येईल अशी मालमत्ता चालते. नागरिकाच्या जोडीदारासाठी ती कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट हवी. इथला फ्लॅटसुद्धा यात बसू शकतो.

आणि टॅक्स. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहत असला तरी ठरावीक मर्यादेच्या वर उत्पन्न असेल तर त्याला तिथलं विवरणपत्र भरावंच लागतं, कर शून्य निघाला तरी. पुण्यात वाढलेल्या कित्येक मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं आणि आय-८६४ला ताजं विवरणपत्र जोडायची वेळ आली की धावपळ सुरू होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, आय-१३०च्या आधी हे काम हातात घ्या.

हे सगळं नागरिकांबद्दल. ग्रीन कार्डधारकाने यातलं काहीही स्वतःला लावू नये. इथे कायमचा येऊन राहिला तर त्याचं कार्डच धोक्यात येतं, आणि त्याच्या जोडीदाराच्या व्हिसांना वार्षिक मर्यादाही आहे. नागरिकाच्या जोडीदाराला ती नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. लग्नाला दोन वर्षं झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, हे खोटं. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं आणि मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरावा लागतो, एवढाच फरक. लग्न झालं की नागरिकत्व मिळतं, हेही खोटं. ग्रीन कार्डवर नागरिक जोडीदारासोबत राहून साधारण तीन वर्षं काढल्यावर अर्ज करता येतो. मंगल कार्यालयाचं किंवा भटजींचं पत्र पुरत नाही, विवाह नोंदणीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. घटस्फोट झाला की हमी संपते, हेही चूक. जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत ती चालू राहते. मृत्यू झाला किंवा त्याने ग्रीन कार्ड सोडून देश कायमचा सोडला, तर मात्र ती संपते.

"टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिथेच राहा" हा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. हेतू लपवून व्हिसा किंवा प्रवेश मिळवल्याचं ठरलं तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असू शकते.

आय-८६४च्या सूचना अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. राजीनामा देण्याआधी, एकट्याचं तिकीट काढण्याआधी, त्यातला डोमिसाइलचा भाग दोघांनी शेजारी बसून वाचा.