दुसरा हंगाम कधी?

गोष्ट २०१६ सालची. ३१ जुलै, रविवार. गटारी दोन दिवसांवर आलेली. रत्नागिरीत पाऊस नुसता कोसळत होता आणि आमचं सगळं घर टीव्हीसमोर. हैदराबादेत प्रो कबड्डीचा अंतिम सामना होता. पण माझ्या दहा वर्षांच्या भाचीचा जीव अडकला होता त्याआधीच्या सामन्यात. कारण तो मुलींचा होता!

स्पर्धेचं नाव वीमेन्स कबड्डी चॅलेंज. संघ अवघे तीन : फायर बर्ड्स, आइस दीवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दीवाजची कर्णधार आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे. २०१२ साली पाटण्याला भारताने महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात अभिलाषा, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या. त्या रविवारी मात्र तेजस्विनी बाईच्या स्टॉर्म क्वीन्सनी २४-२३ असा एका गुणाने सामना मारला. भाचीचे डोळे भरून आले. "मावशी, पुढच्या वर्षी अभिलाषाताईच जिंकणार!"

पुढचं वर्ष आलं. पुरुषांचे संघ आठाचे बारा झाले. २०१८ च्या लिलावात बोली कोटीपलीकडे गेली. मुलींच्या चॅलेंजचा दुसरा हंगाम काही झाला नाही. भाची दोन वर्षं विचारत राहिली. मग विचारेनाशी झाली, आणि दहावीच्या वर्षी तिचं मैदानही सुटलं. घरात कुणी नको म्हटलं नव्हतं. पण खेळत राहा, असं तरी कशाच्या भरवशावर सांगायचं?

मुली कमी पडल्या म्हणावं, तर तसंही नाही. २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये इराणच्या मुलींनी आपल्याला हरवलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. हांगझोऊला २०२३ मध्ये आपल्या मुलींनी ते सुवर्ण परत आणलं, तेही २६-२५ असं.

तिकडे उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीतही हेच दुखणं होतं. २०१९ साली कॅनडातली महिलांची लीग बंद पडली. तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडूंनी एकजुटीने ठरवलं : नीट मोबदला आणि सोयी मिळेपर्यंत तिथल्या कुठल्याच लीगमध्ये उतरायचं नाही. १ जानेवारी २०२४ ला सहा संघांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. पण २०३१ पर्यंतचा करार त्याआधीच झाला होता. तिचा दुसरा हंगाम झाला, आणि तिसऱ्याला संघ आठ झाले.

सामने भरवणं सोपं असतं हो. पुढच्या वर्षाची तारीख आज सांगणं अवघड. आमच्या गल्लीत आजही संध्याकाळी मुली कबड्डी खेळतात. त्यांच्यापैकी एखादी मला विचारेल, "पुढच्या वर्षी?" तेव्हा द्यायला माझ्याकडे उत्तर हवं.