थोरली कुठं दिली?

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं चिठ्ठी पाठवली होती. दोन भाषांत शब्द सारखा दिसला, तर अर्थही सारखा असतो का? ‘नाही’ म्हणून सुटता आलं असतं, पण तेवढ्यानं भागत नाही.

कीर्केगार्द मुळातून वाचावा म्हणून निवृत्तीनंतर मी डॅनिश कोश घेऊन बसलो. आधी इंग्रजीच्या जोरावर रेटत होतो, आणि आपटलो. ‘बार्न’ आला. इंग्रजीत बार्न म्हणजे धान्याचं, कडब्याचं कोठार. डॅनिशमध्ये बार्न म्हणजे मूल! यात गूढ काही नाही. इंग्रजी शब्द ‘जवाचं घर’ अशा जुन्या जोडशब्दाचा आखडलेला अवशेष, डॅनिश शब्द जन्म देण्याच्या धातूतला. तसंच ‘टँक’चं. आपल्या राजेवाडीच्या तलावाला इंग्रजांच्या कागदांत ‘म्हसवड टँक’ म्हटलंय. डॅनिश ‘टांके’ म्हणजे मात्र विचार. ऐकायला जवळ, नातं शून्य.

खरी गंमत ‘गिफ्ट’मध्ये आहे. इंग्रजी गिफ्ट तुम्हाला ठाऊकच आहे, वाढदिवसाला कागदात गुंडाळून देतो ते. डॅनिशमध्ये गिफ्ट हे नाम असेल तर अर्थ होतो विष. आणि विशेषण असेल तर? विवाहित! (हशा) हसा, तिथले लोकही हसतात. कीर्केगार्द स्वतः 1841 मध्ये ठरलेलं लग्न मोडून मोकळा झाला होता, ते सोडा.

पण इथं योगायोग नाही. तिन्ही अर्थ ‘देणे’ या एकाच क्रियेचे. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणं, त्यावरूनच आपल्या दवाखान्यातला डोस. त्या धर्तीवर गिफ्ट म्हणजे दिलेली मात्रा, आणि पुढं नुसतं विषच उरलं. विवाहित म्हणजे दिलेली. जुन्या इंग्रजीतही गिफ्ट म्हणजे वधूमूल्य होतं. भेटवस्तू हा अर्थ नॉर्स भाषेच्या संगतीनं आला. डॅनिशमध्ये हुंड्याला आजही ‘मेदगिफ्ट’ म्हणतात, म्हणजे सोबत दिलेलं.

आता आपलं बघा. ‘थोरली कुठं दिली?’ ‘दहिवडीला दिली.’ मुलगा कुणी ‘देत’ नाही. दिलाच तर दत्तक. डॅनिशमध्ये आज नवराही गिफ्ट, बायकोही गिफ्ट. देणारा बाप त्या शब्दातून केव्हाच निघून गेला, बोलणाऱ्याला तो आठवतही नाही. आपल्याकडे 1961 मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला, पण ‘दिली’ म्हटलं की देणारा अजून वाक्यात उभा असतो. अर्थ कोशात नाही, असा वापरात बघायचा असतो.

आमची धाकटी आटपाडीला दिली, असं मीही परवापर्यंत म्हणत होतो. हे सगळं तिला फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, ‘दादा, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का रे?’ नव्हतं विचारलं. मी तर पंगतीत वाढत होतो.