दत्तकपत्राचे भाषांतर आणि त्याभोवतीचे समज

तारिहाळ, हुबळी, धारवाड या पट्ट्यातल्या मराठी घरातले दत्तकपत्र रजिस्टर ऑफिसात नोंदलेले असले की ते बहुधा कन्नडमध्ये असते. मूल परदेशातल्या दत्तक आईवडिलांकडे न्यायचे ठरले की तिथल्या इमिग्रेशन खात्याला त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. मग नोटरी, एजंट, नातेवाईक असे प्रत्येक जण वेगळेच सांगू लागतात. या ऐकीव माहितीपायी पैसे जातात आणि, त्याहून वाईट, मुलाच्या वयाची मोलाची वर्षे निघून जातात.

नोटरीचा शिक्का बसला की भाषांतर प्रमाणित झाले, हा समज सगळ्यात पक्का. पण नोटरीला कन्नड मजकूर इंग्रजीत नीट उतरला आहे की नाही हे पाहायचेच नसते. अमेरिकेच्या नियमात नोटरीची अट नाही. भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे आणि ते करण्याइतकी भाषा आपल्याला येते, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते. ब्रिटनला त्यासोबत तारीख, पूर्ण नाव आणि संपर्काचा तपशील हवा असतो. कॅनडा जास्त कडक आहे. तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेचा भाषांतरकार नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि आईवडील, भावंडे, मामा-मावशी, चुलत भाऊ अशा नातलगांनी केलेले भाषांतर चालतच नाही, मग त्यांची इंग्रजी कितीही चांगली असो. म्हणून एका देशासाठी केलेला कागद दुसऱ्या देशाला चालेल असे धरून चालू नये.

संपूर्ण म्हणजे मागच्या बाजूसकट. दत्तकपत्राच्या पाठीवर दुय्यम निबंधकाची नोंद, दस्त क्रमांक, साक्षीदारांच्या सह्या, अंगठ्यांचे ठसे असतात. मुख्य मजकूर तेवढा घेऊन हे सोडून दिले तर भाषांतर अपुरे ठरते. जे वाचता येत नाही तिथे 'अवाच्य' असे लिहावे, अंदाज लिहू नये.

यापेक्षा धोक्याचा समज नावांचा आहे. पासपोर्टवर आडनाव एका तऱ्हेने, दत्तकपत्रात दुसऱ्या तऱ्हेने. तेव्हा भाषांतर करतानाच जुळवून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीही मानू नका. मूळ कागदात जे आहे तेच भाषांतरात यायला हवे. फरकाचा खुलासा वेगळ्या प्रतिज्ञापत्रात करता येतो. गावाच्या नावांचेही तसेच. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला 'हुब्बळ्ळी' झाले, त्याआधीच्या कागदांवर 'हुबळी'च असणार. गदग आणि हावेरी १९९७ मध्ये धारवाड जिल्ह्यातून वेगळे झाले, म्हणून गदगला जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा धारवाड दिसतो. हे फरक खरे आहेत. ते झाकले की प्रामाणिक कुटुंबावरही संशय येतो.

अपोस्टिल म्हणजे भाषांतर नव्हे. भारतात २००५ पासून परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देते. कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढेच ते सांगते. अमेरिकेच्या इमिग्रेशन अर्जाला ते सहसा लागतही नाही.

आणि आता मूळ प्रश्न. भाषांतर निर्दोष असले तरी दत्तकविधान परदेशी कायद्यात बसेलच असे नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार मूल १५ वर्षांच्या आतले लागते, पण रूढी असेल तिथे सूट आहे. जुन्या मुंबई राज्यात कोणत्याही वयाच्या व्यक्तीला दत्तक घेण्याची रूढी होती, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात मान्यही केली. धारवाड जिल्हाही १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. मात्र वीस वर्षांच्या पुतण्याचे नोंदणीकृत दत्तकपत्र इथे वारसाहक्कासाठी उपयोगी पडले, तरी अमेरिकेच्या व्हिसासाठी ते कामाचे नाही. तिथे दत्तकविधान साधारणपणे वयाच्या १६ वर्षांआधी झालेले लागते (सख्ख्या भावंडासोबत आले तर १८), आणि नेहमीच्या कौटुंबिक अर्जासाठी दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षांचा सहवासही दाखवावा लागतो.

शिवाय अमेरिकेत राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला भारतातले मूल दत्तक घ्यायचे असेल तर सहसा आंतरदेशीय दत्तकविधानाच्या हेग कराराचीच वाट धरावी लागते. भारताने हा करार २००३ मध्ये स्वीकारला, अमेरिकेत तो २००८ पासून लागू आहे. ही वाट केंद्रीय दत्तक प्राधिकरणातून, म्हणजे 'कारा'मधून जाते. नात्यातले मूल हिंदू कायद्याने दत्तक घेऊन परदेशी न्यायचे असले तरी काराचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि २०२१ पासून त्याची ठरलेली कार्यपद्धती आहे. म्हणून दत्तकपत्राचा मसुदा वकिलाकडे देण्याआधी धारवाडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा आणि त्याच वेळी परदेशातल्या आईवडिलांना तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारायला सांगा. भाषांतरकाराचे काम त्यानंतरचे.