अजगर, छत्री आणि कापूस

मार्च २००६. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक चालू होता आणि रॅम्पवर चालता चालता एका मॉडेलचा टॉप घसरला. काही क्षणांचाच प्रकार. तिने कपडा सावरला, चाल पूर्ण केली आणि ती आत गेली. वाहिन्यांनी मात्र ती दृश्यं पुढचे कित्येक दिवस दळली. विधिमंडळात पडसाद उमटले, हा प्रकार मुद्दाम घडवून आणला का, अशी शंका निघाली आणि सरकारने पोलीस चौकशी लावली. पोलिसांनी रीतसर तपास केला. निष्कर्ष असा की तो अपघात होता.

त्या वर्षीच्या फॅशन वीकची आणखी एक आठवण पत्रकार पी. साईनाथ पुढे व्याख्यानांतून सांगत राहिले. सोहळा टिपायला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते. रॅम्पवर सुती कपडे होते. ज्यांनी तो कापूस पिकवला ते शेतकरी विमानाने तासाभराच्या अंतरावर, विदर्भात, जीव देत होते आणि त्याची बातमी करायला बाहेरून गेलेले पत्रकार होते जेमतेम सहा. दीपा भाटिया यांचा २००९चा माहितीपट ‘नीरोज गेस्ट्स’ साईनाथांच्या याच कामावर बेतलेला आहे. परिस्थिती इतकी विकोपाला गेली होती की २००६च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांना यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर करावं लागलं.

फॅशन आणि तिच्या जाहिरातींवरून आपल्याकडे आजवर जे वाद झाले, ते बहुतेक सगळे अंग किती दिसलं यावरचे. अलीकडे त्यात धर्माची भर पडली. सुरुची मोजायची आपली पट्टी एवढीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, घाटंजी, पांढरकवड्याकडच्या कपाशीच्या वावरातून पाहिलं तर ती फार तोकडी दिसते.

सर्वांत गाजलेलं प्रकरण अर्थात टफ बुटांचं. साल १९९५. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे एकमेकांना बिलगून उभे, पायांत टफचे बूट, बाकी अंगावर चिंधी नाही आणि दोघांभोवती वेटोळं घातलेला अजगर. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचं. दोघंही मराठी घरांतले. मिलिंद राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू. मधू १९९२ची मिस इंडिया आणि त्याच वर्षीच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसरी. देशाची सूत्रं हाती आली तर काय करशील, या अंतिम फेरीतल्या प्रश्नावर तिने क्रीडासंकुल बांधेन असं सरळ उत्तर दिलं होतं. मूळची खेळाडूच ती. असे दोघं बिनकपड्यांचे उभे राहिले म्हटल्यावर, हे आपल्याच आळीतल्या पोरांनी केलं, अशा सुरात मराठी घरांमधून त्याची चर्चा झाली.

जाहिरातीमागचं गणित खरं तर अगदी साधं होतं. सगळे कपडे काढले की अंगावर बूट तेवढे उरतात, म्हणजे नजर तिकडेच जाणार. लोकांनी नेमके बूट सोडून बाकी सगळं पाहिलं. मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. मॉडेल, छायाचित्रकार, जाहिरात संस्था आणि ती जाहिरात छापणारे असे सगळे आरोपी झाले. अजगराच्या वापराबद्दल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळं प्रकरण उभं राहिलं. खटला चौदा वर्षं रेंगाळला. २००९मध्ये सगळे निर्दोष सुटले तोवर मिलिंद पंचेचाळिशीच्या घरात पोचला होता, टीव्हीच्या वाहिन्या शेकड्यांनी झाल्या होत्या आणि १९९५मध्ये जे पाहून धक्का बसला होता त्यापेक्षा जास्त काही रोज संध्याकाळी घरात दिसत होतं. आता ते बूट कुणाला आठवत नाहीत. अजगर आठवतो.

योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत केल्विन क्लाइन या कंपनीच्या जीन्सच्या जाहिरातींवरून वादळ उठलं होतं. स्वस्त लाकडी पॅनेलच्या खोलीत कोवळ्या वयाची दिसणारी मुलं-मुली, आणि पडद्याआडून त्यांना प्रश्न विचारणारा एक पुरुषी आवाज. ऑगस्ट १९९५मध्ये कंपनीला ती मोहीम मागे घ्यावी लागली. अमेरिकेच्या न्याय खात्याने चौकशीही केली. दोन्ही प्रकरणं वरवर सारखी वाटतात, पण आहेत वेगळी. टफच्या चित्रातले दोघं सज्ञान होते, आपण काय करतोय हे त्यांना नीट ठाऊक होतं आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. केल्विन क्लाइनच्या चित्रांत खुपत होतं ते कॅमेऱ्यापुढे बसलेल्याचं हतबल दिसणं. अंग किती उघडं यापेक्षा हा मुद्दा मोठा आहे, आणि नेमका तोच आपल्याकडच्या वादात सहसा येत नाही.

अश्लीलतेच्या खटल्यांची महाराष्ट्राला तशी जुनी सवय. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे, त्या मासिकावर खटले झाले आणि १९३४मध्ये कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९मध्ये काकोडकर सुटले आणि समाजाची मापं झपाट्याने बदलताहेत, हे न्यायालयाने नोंदवलं. तरीही १८६८च्या एका इंग्रजी खटल्यातली कसोटी आपल्या कायद्याला चिकटून राहिली होती. २०१४मध्ये, टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या एका विवस्त्र छायाचित्राच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवली आणि आजचा समाज काय मानतो तेच पाहायचं असं ठरवलं. ते चित्र भारतात छापलं गेलं होतं १९९३मध्ये, म्हणजे निकालाला एकवीस वर्षं लागली.

आता एवढी वाट कोणी पाहत नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये फॅशन डिझायनर सब्यसाची मुखर्जी यांच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीत मॉडेलचा गळा फार खोल दिसला. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी चोवीस तासांची मुदत दिली आणि जाहिरात मुदतीतच गायब झाली. त्याच्या वर्षभर आधी तनिष्कने आंतरधर्मीय डोहाळजेवणाची जाहिरात अशीच उतरवली होती. तिच्यात तर खांदासुद्धा उघडा नव्हता. २०२२मध्ये रणवीर सिंगने एका परदेशी मासिकासाठी कपडे उतरवले तेव्हा चेंबूरमध्ये गुन्हा दाखल झाला आणि इंदूरमध्ये काही मंडळींनी त्याच्यासाठी जुने कपडे गोळा केले. कपडे गोळा करणाऱ्यांना निदान विनोदबुद्धी होती.

दुसऱ्याच्या दुःखाचं काय, हा प्रश्न जगात सर्वांत जोरात विचारला गेला तो बेनेटनच्या बाबतीत. या इटालियन कंपनीचा छायाचित्रकार ओलिव्हिएरो तोस्कानी याने स्वेटर दाखवणंच सोडून दिलं होतं. १९९२मध्ये त्याने एड्सने मरणाऱ्या डेव्हिड कर्बीचं कुटुंबीयांच्या कुशीतलं छायाचित्र जाहिरातीत वापरलं. १९९४मध्ये बोस्नियात मारल्या गेलेल्या सैनिकाचे रक्ताळलेले कपडे, आणि कोपऱ्यात कंपनीची हिरवी पट्टी. जर्मनीत बेनेटनच्या काही जाहिरातींवर बंदी आली. २०००च्या डिसेंबरात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती उठवली आणि वाचकाला अस्वस्थ करणं हा गुन्हा नाही असं मानलं. तोस्कानीवर टीका भरपूर झाली, होण्यासारखीही होती. पण कर्बीच्या घरच्यांनी त्या वापराला संमती दिली होती आणि सैनिकाचे कपडे त्याच्या वडिलांनी पाठवले होते. कंपनीने दुःखावर धंदा केला हे खरं, पण ज्यांचं दुःख होतं त्यांना विचारून केला.

याच्या उलट टोकाचं उदाहरण भारतातलं आहे आणि आपल्याकडे ते टफच्या निम्म्यानेही आठवलं जात नाही. ऑगस्ट २००८चा ‘व्होग इंडिया’चा अंक. सोळा पानांच्या छायाचित्रमालेत मॉडेल म्हणून घेतली होती खरीखुरी गरीब माणसं. एका म्हाताऱ्या बाईच्या कडेवरच्या लेकराच्या गळ्यात फेंडी कंपनीचं सुमारे शंभर डॉलरचं लाळेरं. एका मोटारसायकलवर दाटीवाटीने बसलेलं कुटुंब आणि त्यातल्या बाईच्या हातात दहा हजार डॉलरहून महागडी एर्मेसची बॅग. आणि अनवाणी, दात पडलेला एक माणूस, त्याच्या हातात बर्बेरीची सुमारे दोनशे डॉलरची छत्री.

दोनशे डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेआठ हजार रुपये. आधीच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला २,०३० रुपये. म्हणजे एका छत्रीसाठी चार क्विंटलहून जास्त कापूस. यवतमाळच्या कोरडवाहू वावरात नापिकीच्या वर्षी एकरभर कपाशी तेवढंही देत नाही. त्या पिकासाठी बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी हे सगळं उधारीवर झालेलं असतं. २००८ हेच केंद्राच्या मोठ्या कर्जमाफीचं वर्ष. संपूर्ण माफीसाठी पाच एकरांची मर्यादा होती, आणि विदर्भातले कोरडवाहू शेतकरी तिच्यावरून तक्रार करत होते, कारण इथे दहा एकरवालाही गरीबच असतो.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या पानांची बातमी केली तेव्हा एका भारतीय स्तंभलेखिकेने त्यात थेट शेतकरी आत्महत्यांचा दाखला देऊन संताप व्यक्त केला. संपादिकेचं उत्तर साधारण असं होतं की एवढं मनावर घेऊ नका, फॅशन आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही, ती कोणालाही शोभते. शोभते, हे खरंच आहे. त्या म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यापुढे ते लाळेरं अगदीच क्षुल्लक वाटतं. पण ‘कोणालाही शोभते’ आणि ‘कोणालाही परवडते’ यांच्यामध्ये जी दरी आहे, तिचाच तिथे गमतीचा विषय केला होता. टफच्या जाहिरातीत अजगराची कीव यावी, इथे माणसांची.

यवतमाळचा फॅशनशी संबंध फक्त कापसाच्या गाठींपुरता नाही. शहरालगतच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कारखाना आहे; २००६मध्ये बेल्जियमच्या यूको कंपनीशी भागीदारी होऊन तो रेमंड यूको डेनिम झाला. या रेमंडचीही एक गंमत आहे. सुटाबुटातला, बायकोमुलांवर माया करणारा ‘कम्प्लीट मॅन’ ज्या घराण्याने भारतीय मध्यमवर्गाला दिला, त्याच घराण्यातून १९९१मध्ये कामसूत्र कंडोम आले आणि पूजा बेदीच्या छायाचित्रांनी खळबळ माजवली. ती छायाचित्रंही प्रबुद्ध दासगुप्तांचीच. एक जाहिरात सोज्ज्वळ, दुसरी चावट, तिजोरी एकच. यात दांभिकपणा शोधण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक बदललं की सुरुचीही बदलते, एवढंच.

कपडा अंगावर नसल्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात खरोखर हाहाकार उडाला तो २०१७मध्ये. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, फवारा तोंडावर येत होता आणि बहुतेकांकडे ना मास्क होता, ना हातमोजे, ना अंगभर झाकणारा कपडा. उघड्या अंगाबद्दल इतकी हळवी असलेली आपली संस्कृती त्या उघड्या अंगांबद्दल फारशी बोलली नाही.

गरिबाला प्रकाशात आणूच नये, असा याचा अर्थ नव्हे. हरीश इथापे यांच्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात आणि आपलीच गोष्ट सांगतात. त्यांतल्याच वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळमध्ये ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती, हा सगळा कडवट इतिहास मान्य करूनही, त्या व्यासपीठावरची बाई कोणाची छत्री धरून उभी नव्हती.

जाहिरात खटकली तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडे कोणालाही फुकट तक्रार करता येते. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली ही जाहिरात व्यवसायाचीच संस्था आहे आणि तिच्या संहितेत अश्लील, किळसवाण्या जाहिरातींना मनाई आहे. पण तिचा अधिकार जाहिरातींपुरता. ‘व्होग’ची ती सोळा पानं कागदोपत्री जाहिरात नव्हतीच, ती अंकाचीच पानं होती. तिथे नग्नता नव्हती आणि देवधर्मही नव्हता, त्यामुळे कोणतंही कलम लावायला जागा नव्हती. वस्तूंच्या कंपन्यांची नावं मात्र रीतसर छापली होती. ज्यांच्या अंगाखांद्यावर त्या वस्तू होत्या, त्यांच्या नावाच्या जागी ‘बाई’ किंवा ‘माणूस’ एवढंच होतं.