लाईट जाऊन आल्यावर

डोळखांबच्या बाजूला पावसाळ्यात लाईट जाते-येते, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या एका ऑनलाइन कामांच्या दुकानात सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज असं सगळं एकाच फायबर जोडणीवर चालतं. मधे एक जुना लिनक्स संगणक बसवलाय. फायरवॉल तोच, आणि स्कॅन केलेली कागदपत्रं अपलोड होताना अंगठ्याची आधार पडताळणी अडकू नये म्हणून वेग वाटून देणाराही तोच. दुकानदाराची तक्रार एवढीच होती: "दादा, लाईट जाऊन आली की नेट परत पहिल्यासारखं होतं."

नुसते हुकूम देऊन घातलेले नियम कर्नलच्या मेमरीत राहतात, डिस्कवर नाही. वीज गेली की तेही गेले. फायरवॉलसाठी निदान सोय आहे. नियम 'एनएफटेबल्स'च्या फाईलमध्ये लिहायचे आणि ती सेवा बूट होताना आपोआप सुरू होईल असं करायचं. मात्र त्या फाईलमध्ये एक कंस जरी चुकला तरी अख्खी फाईल नाकारली जाते आणि यंत्र फायरवॉलविना जाळ्यावर येतं. लोकांचे आधार क्रमांक जिथून जातात, तिथे हे चालणार नाही. म्हणून 'एनएफटी -सी' देऊन फाईल आधी तपासायचीच.

वेगाचं काम जास्त किचकट. 'टीसी' या आज्ञेला सेव्ह करण्याची सोयच नाही. स्क्रिप्ट आपण लिहायची. आणि ती चालवायची कधी? फायरवॉल नेटवर्क उभं राहण्याआधी लागू व्हायला हवा, पण वेगाची रांग लावायला इंटरफेस आधी असावा लागतो. इथे तर फायबरचं लॉगिन झाल्याशिवाय 'पीपीपी०' हा इंटरफेस जन्मालाच येत नाही. जोडणी तुटून पुन्हा लागली तर तो नवा येतो, जुनी रांग त्याच्यावर नसते. म्हणजे रीबूटशिवायही सेटिंग हरवतं! म्हणून स्क्रिप्ट 'आयपी-अप.डी' फोल्डरमध्ये ठेवली. लॉगिन झालं की दरवेळी ती चालते आणि 'केक' लावते. २०१८ पासून लिनक्स कर्नलमध्येच असलेली ही रांग. अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवली, म्हणजे गर्दी मॉडेममध्ये न साचता आपल्या ताब्यात राहते.

मग यूपीएस काढून सरळ प्लग उपटला. संगणक उठल्यावर नियम आणि रांग दोन्ही तपासले. पुढच्या खेपेला संगणक चालू ठेवून फक्त मॉडेम बंद केला. 'पीपीपी०' नव्याने आला, आणि 'केक' त्याच्यावर लागलेली होती.