निजामाची स्वायत्तता आणि शस्त्रबळावरील अधिकार

एखाद्या प्रदेशाची स्वायत्तता कितपत खरी आहे हे त्याच्या अधिपतीच्या पदव्यांवरून ठरत नाही. तेथील शस्त्रबळ कोणाच्या आज्ञेत आहे यावरून ठरते. हैदराबाद संस्थानाचा इतिहास हे तत्त्व पडताळून पाहण्यास विशेष उपयुक्त आहे. नांदेडजवळील अर्धापूर आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर ही दोन्ही गावे याच संस्थानात होती.

1798 व 1800 च्या तहांन्वये निजामाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ ही निराळी फौज उभी राहिली. तिचा खर्च निजामाने सोसावयाचा आणि हुकूम मात्र इंग्रजांचा चालावयाचा, अशी ही व्यवस्था होती. या खर्चाची बाकी थकल्यामुळे 1853 मध्ये वऱ्हाड प्रांत कंपनीच्या स्वाधीन करावा लागला आणि नांदेडच्या उत्तरेकडील पैनगंगा ही दोन कारभारांमधील सीमा बनली. निजामाची स्वतःची सेनाही होती. तथापि राज्याच्या बाह्य संरक्षणाची सूत्रे त्याच्या हाती नव्हती.

1947 मध्ये इंग्रजांचे अधिराज्य संपुष्टात येताच हा प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्याची सेना मेजर जनरल अल इद्रूस यांच्या आधिपत्याखाली होती. परंतु तिच्या जोडीस रझाकारांचे सशस्त्र दल वाढत होते आणि त्याचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. हे दल निजामाच्या नावाने लढण्याची भाषा करी. त्याची सूत्रे मात्र इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेकडे होती.

या द्वैताचे परिणाम लवकरच दिसून आले. वाटाघाटींत ठरलेला मसुदा घेऊन दिल्लीस निघालेल्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे 27 ऑक्टोबर 1947 रोजी इत्तेहादच्या जमावाने वेढली. अखेर निजामाने शिष्टमंडळच बदलले व पंतप्रधान छतारीचे नबाब पदावरून दूर झाले. 29 नोव्हेंबरला झालेला ‘जैसे थे’ करार मुख्यतः पूर्वीच्याच मसुद्याप्रमाणे होता. त्याअन्वये युद्धकाळ वगळता संस्थानात सैन्य ठेवण्याचा अधिकार भारतास मिळाला नाही. म्हणजे गावोगाव होणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांस आवर घालणे हे निजामाचेच कर्तव्य उरले आणि नेमके तेच त्याच्याकडून घडले नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. 17 तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली; दुसऱ्या दिवशी अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. परंतु शस्त्रांचा हिशेब तेथेच मिटला नाही. त्यानंतरच्या हिंसाचारात मुसलमानांची फार मोठी हानी झाली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने एकूण मृत्यूंचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचा समावेश केला. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांचे अत्याचार व नंतरचा सूड या दोहोंची नोंद एकत्र घेतल्यावाचून मराठवाड्याचा हा इतिहास पुरा होत नाही.

1950 ते 1956 या काळात निजाम राजप्रमुख होता. सन्मान उरला, सेना उरली नाही. आजच्या जगात इराकच्या 2005 च्या संविधानाने स्वायत्त प्रदेशांना रक्षक दल उभारण्याची मुभा दिली असली, तरी कुर्दिस्तानातील पेशमर्गा दले दीर्घकाळ दोन पक्षांत विभागलेली राहिली आहेत. उभय प्रदेशांची परिस्थिती भिन्न आहे; परंतु दोहोंच्या अभ्यासात विचारावयाचा पहिला प्रश्न एकच आहे. शस्त्र धारण करणाऱ्याने केलेल्या कृत्याचा जाब नागरिकाने कोणास विचारावयाचा? त्याचे निःसंदिग्ध उत्तर जेथे मिळत नाही, तेथे स्वायत्तता कागदावर कितीही विस्तृत असली तरी प्रजेस तिचे संरक्षण लाभत नाही.