बर्फावरील वाटाड्या

बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाचे दोन प्रकार आहेत. एकांत यंत्राचा पाळणा खेळाडूला डोंगरावर नेऊन सोडतो. उतार दाबून सारखा केलेला असतो, आणि तोल सांभाळून खालीं येणें एवढेंच काय तें उरतें. दुसऱ्या प्रकारांत पाळणा नाहीं, आंखलेली वाट नाहीं आणि पहाराही नाहीं. स्वतःच्या पायांनीं खिंडीपर्यंत चढावें, पलीकडे उतरावें, रात्रीं डोंगरांतील निवाऱ्यांत मुक्काम करावा व पहाटे पुन्हां निघावें. आजच्या भाषणाचा विषय हा दुसरा प्रकार होय. त्यांतही, चारसहा मित्रांनीं मिळून, एक वाटाड्या बरोबर घेऊन, आल्प्स पर्वतांत केलेला प्रवास. हा वाटाड्या नेमका कशासाठीं घ्यावयाचा, या एका प्रश्नाचें उत्तर उमगलें म्हणजे या खेळाचें मर्म उमगलें असें समजावें.

स्की म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीइतक्या लांब, पुढें वर वळलेल्या दोन पट्ट्या. घसरण्यासाठींच केलेल्या या साधनावर चढावयाचें कसें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याची युक्ति मोठी सुबक आहे. पट्टीच्या तळाला केसाळ कातडें चिकटवितात. केस एकाच दिशेनें निजलेले असल्यामुळें पुढें सरकतांना ते आड येत नाहींत. मागें घसरूं लागतांच मात्र ते उभे राहून बर्फांत रुततात. पूर्वीं हें कातडें सील या सागरी प्राण्याचें असे. हल्लीं तें मोहेर लोंकरीचें किंवा कृत्रिम धाग्यांचें करतात. चढतांना बुटाची टांच मोकळी असते, उतरतांना ती पट्टीला जखडतात. माथ्यावर पोंचून कातडें सोलावें, टांच अडकवावी आणि तासांची चढण मिनिटांत उतरून जावें, हा त्यांतील आनंद.

या प्रवासाची सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील झेरमॅटपर्यंत जाते. फ्रेंच भाषेंत तिला 'ओत रूत', म्हणजे उंचावरची वाट, म्हणतात. इंग्लंडांतील आल्पाइन क्लबच्या गिर्यारोहकांनीं १८६० नंतरच्या वर्षांत ती उन्हाळ्यांत पायीं शोधून काढली. स्कीवरून ती पार करण्याचा पहिला प्रयत्न १९०३ सालीं झाला, आणि १९११ सालीं तो तडीस गेला. आज मार्च-एप्रिलमध्यें हा प्रवास सहासात दिवसांत करतात. शेवटच्या दिवशीं, १०,००० फुटांहून अधिक उंचीवरील विन्येत नांवाच्या निवाऱ्यांतून पहाटे निघून तीन खिंडी ओलांडाव्या लागतात. मग मॅटरहॉर्न शिखराच्या कुशींतून झेरमॅटपर्यंत लांबच लांब उतार लागतो. निघण्याची घाई एवढ्यासाठीं कीं, रात्रीं गोठलेलें बर्फ दुपारच्या उन्हानें मऊ होतें, आणि हिमनदींतील खोल भेगांवर बर्फाचे जे पूल असतात त्यांचाही भरंवसा उरत नाहीं.

वाटाड्यांच्या व्यवसायाचा इतिहास एका दुर्घटनेशीं निगडित आहे. १८२० च्या ऑगस्टमध्यें डॉ. हामेल नांवाचे एक रशियन शास्त्रज्ञ माँ ब्लां शिखर चढण्यास निघाले. वाटेंत हवा बिघडली, ताजें बर्फ सांचलें, आणि पुढें जाण्यास वाटाडे नाखूष होते. पाहुण्यांच्या आग्रहाखातर चढाई चालू राहिली. बर्फाचा थर निसटला व तीन वाटाडे हिमनदीच्या भेगेंत गडप झाले. त्यांचे अवशेष ४१ वर्षांनीं, १८६१ सालीं, हिमनदीच्या खालच्या टोंकाशीं बाहेर आले. या प्रसंगानंतर १८२१ सालीं शामोनीच्या वाटाड्यांचा संघ स्थापन झाला. तो आजही काम करीत आहे. ज्याला पैसे देऊन बरोबर घेतलें त्याचें मत पैसे देणारानें मानावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

या डोंगरांतील सर्वांत मोठें भय हिमलोटाचें. हिंवाळ्यांत बर्फ थरांवर थर असें सांचतें. त्यांतला एखादा थर साखरेच्या रव्यासारखा सुटा राहतो, आणि त्यावर वाऱ्यानें आणलेल्या बर्फाची घट्ट लादी बसते. उतार सुमारें ३० अंशांहून अधिक असला, तर एका माणसाच्या भारानेंही खालचा थर खचतो व सबंध लादी चालूं लागते. श्रोत्यांना नवल वाटेल, पण स्कीवाल्यांवर कोसळणाऱ्या दहा घातक हिमलोटांपैकीं सुमारें नऊ त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनीं सुरू केलेले असतात. स्वित्झर्लंडांत दावोस येथील संस्था धोक्याच्या पांच पायऱ्या ठरवून हिंवाळ्यांत रोज सूचना प्रसिद्ध करते. त्यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, मृत्यूंचा सर्वांत मोठा वाटा तिसऱ्या पायरीच्या दिवसांचा असतो. चौथ्या-पांचव्या पायरीला लोक घरीं बसतात. तिसरीला 'बघूं या' म्हणून निघतात.

लोटाखालीं गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहापंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वांचतो; पुढें आशा झपाट्यानें मावळते. एवढ्या अवधींत खालून मदत येणें कठीण. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारें व टिपणारें लहानसें यंत्र, आणि पाठीवर लांब शोधदांडी व फावडें असतें. तेथें मित्राचे प्राण वांचविणारा प्रायः मित्रच असतो. मैत्रीचें इतकें रोकडें मोल अन्यत्र क्वचितच दिसेल.

पण हीच मैत्री घातही करते. सातशेंहून अधिक अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इअन मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाला आढळून आलें कीं, धोक्याच्या खुणा बहुतेक वेळां डोळ्यांसमोर होत्या. तरी लोक पुढें गेले. कारण वाट परिचयाची होती, किंवा बेत ठरलेला होता, किंवा मंडळींत कोणीतरी जाणता आहे असें प्रत्येकानें गृहीत धरलें होतें. वर्षभर पैसे सांठवून, रजा काढून मित्र जमतात. एकाच्या मनांत शंका येते, पण 'सर्वांचा विरस कशाला करावा' म्हणून तो गप्प राहतो. शेजारीही त्याच कारणानें गप्प असतो. अशा वेळीं 'आज येथून परत' हे शब्द उच्चारण्यासाठींच वाटाड्या असतो. त्याच्या मेहनतान्याचा खरा हिशेब गांठलेल्या शिखरांत नसून सोडून दिलेल्या शिखरांत आहे.

तथापि वाटाड्या हा कांहीं ताईत नव्हे. २९ एप्रिल २०१८ रोजीं याच वाटेवर विन्येत निवाऱ्याजवळ चौदा जण वादळांत सांपडले. निवारा कांहीं शें मीटरांवर असतांही तो त्यांना दिसला नाहीं. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि सात जण दगावले. त्यांत अनुभवी मार्गदर्शकही होता. डोंगर ज्ञानाचा मान राखतो, पण त्याला बांधलेला नाहीं, हेंच यावरून दिसतें.

म्हणून सोबत वाटाड्या असला तरी प्रत्येकानें सकाळीं सूचना वाचावी, यंत्र तपासावें, आणि मनांतील शंका मोठ्यानें बोलून दाखवावी. असें बोलणारा सोबती भित्रा ठरत नाहीं; वाटाड्याचें निम्में ओझें तो हलकें करतो. खिंडीच्या अलीकडून परतलेल्या मंडळीला तीच खिंड पुढल्या वर्षीं पुन्हां पाहतां येते. पर्वत कोठें जात नाहीं. जपावयाचें असतें तें माणसालाच.